गाढवांना शुक्रवारी सुट्टी असते

स्वित्झर्लंड दुपारी दीडच्या सुमारास बाद झालं. लोकेशने, म्हणजे घरच्या एकुलत्या एक जावयाने, ते जेवणाच्या टेबलावर नीट मांडलं होतं. फोनवर बर्फाचे डोंगर दाखवून झाले, एक गायही दाखवून झाली. पण दीप्तीने नवऱ्याकडे न बघता सांगितलं, "पन्नासावा वाढदिवस आई-पप्पांच्या लग्नाचा आहे, तुझ्या नाही," आणि मटणाच्या भांड्यातलं शेवटचं नळीचं हाड त्याच्या ताटात टाकून विषय मिटवला. दुबई तर त्याआधीच, कोशिंबीर फिरत असताना, कोणाच्या लक्षातही न येता गेली होती.

राहिलं ब्लॅकपूल.

बबनराव कासाऱ्यांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे गाव या घरात त्यांनीच आणलं होतं. खेड तालुक्यातल्या वाडीतून ते आखातातल्या खाबुराच्या दोन खोल्यांत आलं, तिथून सतीशच्या अल् घुब्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलं, आणि छत्तीस वर्षं घरातल्या माणसासारखं राहिलं. सतीश आणि दीप्तीला लहानपणी रत्नागिरी जिल्ह्यातल्या नद्या सांगता येत नसत. पण ब्लॅकपूलला समुद्रात शिरलेले धक्के किती, असं झोपेतून उठवून विचारलं असतं तरी दोघांनी 'तीन' म्हणून सांगितलं असतं.

अडचण एवढीच होती की बबनराव ब्लॅकपूलला कधीही गेले नव्हते.

ही गोष्ट जगात तिघांना माहीत होती. पैकी कंपनीतले ऑर्मरॉड साहेब वारले होते. कंपनीतलाच ताबिश पेशावरला परत गेला होता आणि ईदला न चुकता फोनवर गुलाबाचं फूल पाठवण्यापलीकडे काही बोलत नव्हता. तिसरे स्वतः बबनराव. ते या क्षणी ताटावरून उठून बाथरूममध्ये जाऊन बसावं का, या विचारात होते.

एकोणनव्वद साली ते खाबुराच्या शेतीपंपांच्या कंपनीत फोरमन होते, आणि कंपनीने त्यांना सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला इंग्लंडला पाठवायचं ठरवलं होतं. व्हिसा हातात यायच्या आधी सुट्टीत गावी जाऊन ही बातमी सांगायची, एवढी एकच चूक त्यांनी केली. वाडीने सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि तालुक्याच्या साप्ताहिकात 'सुपुत्र विलायतेस रवाना' असा मथळा. सुपुत्र खाबुराला परतले आणि आठवडाभरात व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं. हा इसम ट्रेनिंग संपल्यावर परत फिरेल याची खात्री वाटत नाही, असं कारण होतं. आठ वर्षं एकाच खोलीत, एकाच खाटेवर झोपलेल्या इसमाबद्दल.

ऑर्मरॉड साहेब मूळचे ब्लॅकपूलचे. त्यांच्या आईचं तिथे बोर्डिंग हाउस होतं. साहेब स्वतः सुट्टीवर निघाले होते. त्यांनी बबनला गावाचं एक जाडजूड गाइडबुक दिलं आणि म्हणाले, तू इथे बसून पत्रं लिही, मी तिथून पेटीत टाकतो. येताना साखरेच्या गुलाबी कांड्यांची एक बॅग आणतो, म्हणजे पुराव्याचंही झालं. या कांड्या कुठेही मोडल्या तरी आतून गावाचं नाव निघतं. वाडीत त्या अडकित्त्याने फोडून बेचाळीस घरांत वाटल्या गेल्या, आणि बेचाळीस घरांनी बबन कासारे विलायतेला जाऊन आल्याचं जिभेने तपासून घेतलं.

"पप्पा," लोकेशने हाड चोखता चोखता विचारलं, "पण आता तिथे बघण्यासारखं उरलंय काय? सगळे म्हणतात, जुनाट झालंय."

बबनरावांना जावयाबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. संधी समोरून चालत आली होती.

"अगदी बरोबर बोललात लोकेशराव," ते म्हणाले. "काय उरलंय? थंडी, वारा आणि पाऊस. एके काळी लोक तिथं समुद्राचं पाणी औषध म्हणून प्यायचे, यावरून समजा. मग अठराशे सेहेचाळीसला रेल्वे आली आणि गिरण्यांचे कामगार यायला लागले. त्यांची गंमत अशी, की एका गावाच्या सगळ्या गिरण्या एकाच आठवड्यात बंद. म्हणजे अख्खं गाव एकदम ब्लॅकपूलला. पुढच्या आठवड्यात दुसरं गाव. वर्षभर ज्या शेजाऱ्याचं तोंड बघायचं, त्याचंच तोंड समुद्रावर बघायचं."

"म्हणजे आपली बिल्डिंग जूनमध्ये एकाच विमानाने मुंबईला उतरते तसंच," सतीश म्हणाला.

"तसंच. आणि खानावळवाल्या बाया इतक्या कडक, की टेबलावरचं मीठ-मिरी वापरलं तर त्याचं वेगळं लावायच्या. पण माणसं यायची. का यायची? तर टॉवर. पॅरिसचा बघून यांनी स्वतःचा बांधला, अठराशे चौऱ्याण्णव साली. पाचशे अठरा फूट. आणि टॉवरच्या पायाशी नाचाचा हॉल. असा हॉल, लोकेशराव, की वाजवणाऱ्यासकट ऑर्गन जमिनीतून वर येतो. आणि सप्टेंबरात दिव्यांची आरास. कित्येक मैल समुद्रकाठ नुसता उजेड. सुरुवात झाली आठ दिव्यांनी, अठराशे एकोणऐंशीला..."

इथे त्यांच्या लक्षात आलं की आपण गावाची बदनामी करायला निघालो होतो. पण दीप्तीने हाताची मूठ हनुवटीखाली घेतली होती, म्हणजे ती आठ वर्षांची झाली होती. थांबणं शक्य नव्हतं.

"गाढवांचं सांगा पप्पा," ती म्हणाली.

"गाढवं वाळूत पोरांना फिरवतात. पण त्यांचेही नियम आहेत, नगरपालिकेचे. सकाळी दहाच्या आधी काम नाही. संध्याकाळी सातनंतर नाही. दुपारी जेवायला तासाभराची सुट्टी. आणि शुक्रवारी रजा. पूर्ण."

"आमच्या कंपनीपेक्षा बरं आहे," लोकेश म्हणाला.

सगळे हसले. भावना हसली नाही. सतीशची बायको भावना इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची. कोणतीही तारीख सांगा, ती वार सांगणार. वर्गातल्या पोरांना गप्प करायचा तिचा हा हुकमी उपाय होता. भांडी आवरायला उठलेली ती भिंतीशी थांबली होती, आणि त्या भिंतीवर तो फोटो होता: सुटाबुटातले बबनराव, समुद्रकाठी, गाढवावर. उजवी बाजू कात्रीने कापलेली. (तिथे खजुराचं झाड होतं.) कपाळ चकाकत होतं. (घरात याला समुद्राचे तुषार म्हणत. ताबिशने फोटो काढला तेव्हा खाबुराच्या किनाऱ्यावर बेचाळीस डिग्री होतं.) आणि खाली कोपऱ्यात कॅमेऱ्याने स्वतःहून छापलेली नारिंगी तारीख, पंधरा नऊ एकोणनव्वद.

भावनाने तारखेकडे बघितलं. तिचे ओठ किंचित हलले. मग तिने सासऱ्यांकडे बघितलं.

बबनरावांनी नजर वळवली ती नेमकी समोरच्या भिंतीवर गेली. तिथे तथागतांच्या शेजारी बाबासाहेब होते. विलायतेला खरोखर जाऊन, शिकून आलेला माणूस. या दोन भिंतींच्या मध्ये बसायचं बबनराव गेली कित्येक वर्षं टाळत आले होते; आज जागा तीच मिळाली होती.

"चला, फॉर्म भरून टाकू," सतीशने लॅपटॉप उघडला. "सप्टेंबरची दिव्यांची आरास गाठायची तर आजच टाकायला हवा. आईचा झाला. पप्पांचा अर्धा झालाय. भावना, तू वाच, मी चष्मा आणतो."

भावना बसली. नाव झालं, जन्मतारीख झाली, खेड तालुक्याचं स्पेलिंग झालं. मग ती थांबली.

"पुढचा प्रश्न. तुम्हाला आजवर कोणत्याही देशाचा व्हिसा नाकारला आहे का?"

"नाही लिही," आतून सतीश ओरडला.

"पप्पांना विचारते ना."

"त्यात काय विचारायचंय? ते जाऊन आलेत."

"खाली लिहिलंय, खोटं उत्तर दिलं तर दहा वर्षं बंदी."

दहा वर्षांनी बबनराव चौऱ्याऐंशीचे होणार होते. त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली आणि मोठ्याने म्हणाले, "चहा होईल का?"

"आत्ता जेवलात ना," अनुसयाबाई म्हणाल्या. त्या मघापासून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होत्या. सबंध चर्चेत एक शब्द बोलल्या नव्हत्या, तरी ब्लॅकपूल ठरलं ते त्यांच्यामुळेच. दीप्तीने आईला आधीच विचारलं होतं, आणि आईने सांगितलं होतं, "मला तो हॉल बघायचाय. मडम नाचली तो."

ही मडम चौथ्या पत्रातली. पहिल्या पत्रात टॉवर संपला, दुसऱ्यात धक्के आणि ट्राम, तिसऱ्यात गाढवं आणि खानावळी. चौथ्यात मजकूर कमी पडला. गाइडबुकात नाचाच्या हॉलमधल्या जुन्या पाटीचा उल्लेख होता: सोबत स्त्री असल्याखेरीज पुरुषांनी नाचू नये. पाटीची शोभा राहावी म्हणून बबनने एक मडम घातली आणि तिच्याबरोबर दोन गिरक्या घेतल्या. कागद भरला. तेव्हापासून भाजीत मीठ जास्त पडलं, विमान चुकलं, दीप्तीचं पहिलं स्थळ मोडलं, की अनुसयाबाई एवढंच म्हणत, "तुमच्या मडमला विचारा."

"करते चहा," भावना उठली. "पप्पा, जरा येता का? तुमची बिनसाखरेची पुडी कुठे असते ते दाखवा."

ती फ्रीजला चिकटवलेल्या पाकिटात असते, हे तिला पाच वर्षं माहीत होतं.

स्वयंपाकघरात तिने गॅस पेटवला, पंखा मोठा केला आणि पातेल्याकडे बघत म्हणाली, "पंधरा सप्टेंबर एकोणनव्वद. शुक्रवार होता, पप्पा."

बबनरावांनी फ्रीजवरचं पाकीट काढलं.

"गाढवांना रजा होती."

"त्या गाढवाला नव्हती," ते म्हणाले. "ते खाबुराचं होतं. खजूरवाल्याचं. आमची सुट्टी शुक्रवारचीच असायची, म्हणून..." मग त्यांनी चहा उकळायच्या आत सगळं सांगितलं. छत्तीस वर्षांची गोष्ट दोन मिनिटांत बसली, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

भावनाने आलं किसलं. "कोणाला कळायची गरज नाही. मी 'हो' वर टिक करते, खाली दोन ओळी लिहिते, पाठवून देते. ह्यांना मी सांभाळते. तिथे गेल्यावर रस्ते चुकलात तर म्हणा, छत्तीस वर्षांत सगळं बदललं."

"बदललंच असेल गं."

"झालं तर मग. खलास."

बबनरावांना वाटलं, ही पोर आपण सतीशला दिली की सतीश तिला दिला, याचा निकाल आज लागला. चहाचा ट्रे त्यांनी स्वतः उचलला. चाल हलकी झाली होती. बाहेर आले तर दारात दुसऱ्या मजल्यावरची रेजिना उभी होती. वसईची. हातात पावाच्या लादीएवढा स्पीकर.

"अनुसयाबाय, उशीर झाला का? आल्बर्टची ड्युटी होती हॉटेलात, स्पीकर त्याच्याकडे. आता दाखवायचं ना?"

"आत्ता नको," अनुसयाबाई म्हणाल्या.

"आत्ता नाय तर कधी? सगळी आहेत." रेजिना आत आली. "दीप्ती, सतीश, तुम्हाला सांगते. तुमची आई दोन महिने रोज अकरा वाजता माझ्याकडे येते. तुम्हाला वाटते, येते पापड करायला."

"नाही का?" सतीश म्हणाला. "आम्ही पापड खातोय दोन महिने."

"ते मी करते. ही नाचते."

दीप्तीने आईच्या पायांकडे बघितलं.

"वॉल्ट्झ," रेजिना म्हणाली. "एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. पहिल्या आठवड्यात गुडघा धरला. मी म्हटलं, बाय, सोडून दे. तर म्हणते, नाय, त्या हॉलात मला उभं राहायचंय. ती मडम नाचली ना, मग मी पण नाचणार. पन्नास वर्षं झाली लग्नाला, मी काय बाकावर बसून बघू?"

अनुसयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. सत्तराव्या वर्षी त्या इतक्या अवघडलेल्या बबनरावांनी कधी बघितल्या नव्हत्या. लग्नातसुद्धा नाही, कारण लग्नात त्यांनी वर मान करून बघितलंच नव्हतं.

ट्रे त्यांच्या हातात होता. भावना दारातून हळूच मान हलवत होती: नको, पप्पा, बोलू नका. लॅपटॉपवर प्रश्न तसाच उघडा होता. गप्प राहिलं तर सहा आठवड्यांनी आपण त्या हॉलच्या दारात उभे असू, आणि ही गुडघा सांभाळत आत जाऊन अशा बाईशी बरोबरी करेल, जी कागद भरायला घातली होती.

"अनुसये," ते म्हणाले, "ती मडम नव्हती."

"मग कोण होती?"

"कोणी नव्हती. मीच नव्हतो तिथं."

त्यांनी ट्रे ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. व्हिसा नाकारला इथपासून खजुराच्या झाडापर्यंत. या खेपेला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली.

दीप्ती फोटोकडे गेली आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. सतीश म्हणाला, "मला आठवीत बक्षीस मिळालं होतं. निबंधाचं. माझे वडील विलायतेत." थोड्या वेळाने म्हणाला, "कलेक्टरच्या हस्ते." लोकेशने घसा साफ केला आणि स्वित्झर्लंडचा भाव आजच्या दिवसापुरता तोच आहे, असं हळूच सुचवून बघितलं. रेजिनाने छातीवर क्रॉस केला आणि खुर्ची ओढून बसली. जाण्याचा तिचा अजिबात विचार दिसत नव्हता.

अनुसयाबाईंनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला.

"छत्तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मी भांडी घासताना त्या बाईला शिव्या घातल्या."

"हो."

"दोन महिने गुडघ्याला तेल लावतेय. तिच्यापायी."

"हो."

"पत्रं कोणी लिहिली?"

"मीच."

"समुद्राचं लिहिलं होतं ते?"

"खाबुराचा समुद्र."

"आणि थंडीने बोटं आखडली, लिहवत नाही, ते?"

"स्टोअरमधला एसी. पंखा अडकला होता, बंद होत नव्हता."

लोकेशला हसू आलं. दीप्तीने त्याच्या पायावर पाय दिला.

"चौथ्या पत्रात खाली होतं," अनुसयाबाई म्हणाल्या. आवाज जरा बदलला होता. "एवढे दिवे लागलेत, पण तू असतीस तर बघण्यात अर्थ होता. ते त्या पुस्तकातलं?"

"पुस्तकात ते नव्हतं," बबनराव म्हणाले.

चहावर साय धरली होती. कोणी कप उचलला नव्हता.

"भावना," अनुसयाबाई म्हणाल्या, "तो प्रश्न काय होता?"

"व्हिसा कधी नाकारलाय का, आई."

"हो लिही. कारण पण लिही. म्हणावं, हा माणूस परत येणार नाही असं तुम्हाला वाटलं, पण हा गेलाच नाही. यापेक्षा जास्त खात्री कुठनं आणायची?"

भावनाने खरंच लिहायला घेतलं. थोडं सभ्य करून. सतीश तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागला. फॉर्म पुढच्या पानावर गेला.

"आणि दिला नाही तर?" दीप्तीने विचारलं.

"नाही दिला तर खाबुराला जाऊ. समुद्र तोच आहे म्हणतायत." अनुसयाबाई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. "रेजिना, लाव."

"काय लावू?"

"एक-दोन-तीन."

स्पीकरमधून व्हायोलिनं सुरू झाली. लोकेशने आणि सतीशने टेबल भिंतीला लावलं. सबंध दिवसात दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. बबनराव खुर्चीच्या मागे सरकले.

"अगं, मला येत नाही."

"माहीत आहे मला. आज कळलं ना." त्यांनी नवऱ्याचा डावा हात घेतला, उजवा आपल्या पाठीवर ठेवला. "त्या पाटीवर काय लिहिलं होतं? बाई असल्याशिवाय पुरुषाने नाचायचं नाही. ते तरी खरं ना?"

"ते खरं आहे."

"मग बाई हाय. डावा पाय मागे. मागे म्हटलं. उद्यापासून रोज अकरा वाजता रेजिनाकडे. पापड तुम्ही लाटायचे, नाच मी शिकवणार."

"आठवड्यातून एक दिवस तरी..."

"नाही."

शुक्रवार होता. ब्लॅकपूलच्या गाढवांना त्या दिवशी पूर्ण रजा असते. बबनरावांना मात्र दुपारी चारपासून कामाला जुंपण्यात आलं.